चित्रकथाकार जॅक कर्बी

पराक्रमी वीरांच्या चित्रकथा आवडीनें वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस त्या वीरांचीं नांवें मुखोद्गत असतात. परंतु ते वीर ज्याच्या हातून कागदावर उतरले, त्याचें नांव क्वचितच कोणास ठाऊक असतें. अशाच एका कलावंताचें हें चरित्र आहे.

जॅक कर्बी ह्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१७ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या एका गरीब वस्तींत, ज्यू कुटुंबांत झाला. त्यांचें मूळ नांव जेकब कुर्ट्झबर्ग. वडील कपड्यांच्या कारखान्यांत राबत. पोरांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या त्या गल्ल्यांतून नित्याच्याच. चित्रकला ते बहुतांशीं स्वतःच्या प्रयत्नानें शिकले.

१९४० सालीं जो सायमन ह्यांच्यासह त्यांनीं 'कॅप्टन अमेरिका' हा वीर निर्माण केला. पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरास ठोसा लगावतांना दिसतो. अमेरिका त्या वेळीं युद्धांत उतरलीही नव्हती! पुढें कर्बी स्वतः सैनिक म्हणून १९४४ सालीं फ्रान्समध्यें लढले. तेथील कडाक्याच्या थंडीनें त्यांच्यावर पाय गमावण्याची पाळी आली होती.

त्यांची खरी कीर्ति १९६१ नंतरची. लेखक स्टॅन ली ह्यांच्यासह त्यांनीं त्या सालीं 'फँटॅस्टिक फोर' आणि १९६३ सालीं 'अव्हेंजर्स' व 'एक्स-मेन' हे वीरांचे संघ उभे केले. वीरांचा संघ ही कल्पना जुनीच होती. पण येथें निरनिराळ्या मासिकांतील वीर एकाच न्यूयॉर्क शहरांत वावरत, आणि एका कथेचा धागा दुसरींत जाऊन मिळे. १९६५ च्या एका वार्षिक अंकांत दोन वीरांच्या विवाहास ह्या जगांतील बहुतेक सारे वीर आणि खलपुरुष लोटले. कथेच्या अखेरीस ली व कर्बी हेही दाराशीं येतात. पण निमंत्रण नसल्यानें त्यांस परत पाठविलें जातें.

हा विनोद पुढें कर्बी ह्यांच्या बाबतींत खरा ठरला. श्रेय व मोबदला ह्यांविषयीं असमाधान वाटून १९७० सालीं त्यांनीं मार्व्हल ही संस्था सोडली. डीसी संस्थेंत त्यांनीं 'न्यू गॉड्स' इत्यादि चार मासिकांतून मिळून दोन जगांच्या महायुद्धाची एकच विशाल कथा आरंभिली. परंतु शेवट गांठण्यापूर्वींच १९७२ सालीं त्यांपैकीं दोन मासिकें बंद करण्यांत आलीं. स्वतःच्या हातचीं मूळ चित्रें परत मिळावीं म्हणून त्यांस उतारवयांत मार्व्हलशीं झगडावें लागलें. १९८७ सालीं सुमारें दोन हजार पृष्ठें हातीं आलीं. काढलीं होतीं त्याहून कितीतरी अधिक. तरीही त्यांनीं पेन्सिल खालीं ठेविली नाहीं.

६ फेब्रुवारी १९९४ रोजीं कॅलिफोर्नियांत ते निवर्तले. त्यांचे वारस व मार्व्हल ह्यांच्यांतील वाद २०१४ सालीं आपसांत मिटला. त्यांनीं निर्मिलेला 'डार्कसाइड' हा खलपुरुष २००८ सालच्या 'फायनल क्रायसिस' ह्या अनेक वीरांना एकत्र आणणाऱ्या महाकथेचा कर्ताकरविता झाला. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या खेपेस अशी कथा हातीं घ्याल, तेव्हां पहिल्या पानावरील बारीक अक्षरांतलीं नांवेंही वाचा.