सरदार किबे : दरबार गेला, मराठीचं घर राहिलं

किबे कंपाउंड म्हटलं की इंदूरकराला पत्ता कळतो. पण ज्या सरदार माधवराव किब्यांच्या घराण्याचं हे नाव, ते माधवराव आता किती जणांना आठवतात?

त्यांचा जन्म १८७७ चा. घराणं होळकरांच्या दरबारातलं. पूर्वज तात्या जोग यांनी १८१८ साली होळकरांच्या वतीनं मंदसौरचा तह केला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. घरात सरदारकी होती, सावकारीही होती. माधवराव स्वतः संस्थानात मंत्रिपदापर्यंत चढले.

त्या काळी फौजदार, कारकून, मास्तर, वकील अशी कितीतरी मराठी माणसं नोकरीपायी माळव्यात आली होती. आज रामपुरा, उद्या महिदपूर, परवा निमाड. बदलीच्या गावी मुलं हिंदी-माळवी बोलायची. मराठी उरायची ती स्वयंपाकघरात आणि देवघरात. भाषा टिकवायची तर चार माणसांनी एकत्र बसायला हक्काची जागा हवी, ही परमुलखातल्या मराठी माणसाची गरज होती. इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्था उभ्या राहिल्या, त्या याच गरजेतून. १९१७ साली तर मराठी साहित्य संमेलनच इंदूरला भरलं.

पुढे १९२६ मध्ये मुंबईच्या संमेलनाचं अध्यक्षपद माधवरावांकडे आलं. इंदूरचा माणूस मुंबईत मराठीच्या मानाच्या खुर्चीवर बसला, ही काही लहान गोष्ट नव्हे. पत्नी कमलाबाईही लेखिका. माधवरावांना संशोधनाचा नाद होता. रावणाची लंका अमरकंटकजवळ होती, असं त्यांनी मांडलं आणि मोठा वाद ओढवून घेतला.

इंदुरात मराठी जपताना हिंदीशी भांडण झालं नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. १९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन इंदूरला झालं, आणि त्याच वर्षी मराठीचंही तिथेच.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. दरबार संपला, नोकऱ्यांची भाषा बदलली. माधवरावांनी हे सगळं पाहिलं; ते १९६३ मध्ये गेले. साहित्य सभेचा शारदोत्सव मात्र नंतरही होत राहिला.

बेळगाव असो, बिदर असो की बऱ्हाणपूर, राज्य कुणाचं हे आपल्या हातात नसतं. चार माणसं जमवून सभा भरवणं मात्र असतं.