संत तुकाराम : शब्द सुचत नाहीत तेव्हा

विद्यार्थी मित्रांनो, निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला की वर्गात काय होतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. वहीवर तारीख पडते, शीर्षकाखाली दोन रेघा ओढल्या जातात आणि पेन तिथेच थांबतं. काहीच सुचत नाही. मग कुणी गाईडमधून उतरवतं, तर कुणी आपल्याला लिहिताच येत नाही असं ठरवून टाकतं. हे दुसरं जास्त वाईट. म्हणून आज संत तुकाराम महाराजांचं चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. त्यांचे अभंग तुम्ही पाठ केले आहेत. पण त्यांच्याजवळही स्वतःचे शब्द नव्हते, असा एक काळ होता.

तुकाराम महाराजांचा जन्म साधारण 1608 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या देहू गावी, इंद्रायणीच्या काठावर झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. घराणं मोऱ्यांचं. घरात दुकानदारी होती, सावकारी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विठ्ठलाची भक्तीही होती. थोरले बंधू सावजी विरक्त झाले, त्यामुळे कोवळ्या वयातच संसाराचा भार तुकोबांवर आला. पाठोपाठ आई-वडिलांचं छत्र गेलं.

त्यातच 1630 च्या सुमारास दख्खनभर भयंकर दुष्काळ पडला. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील. पण त्या वेळी निदान रोजगार हमीची कामं होती, सुकडी होती. तुकोबांच्या काळात असं काहीच नव्हतं. पहिली पत्नी रखुमा अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, गावात मान उरला नाही. आता सांगा, अशा माणसाला काय सुचणार?

तुकोबांनी तेव्हा देहूच्या आसपासचे डोंगर जवळ केले. भामचंद्र, भंडारा आणि घोराडेश्वर ही त्या डोंगरांची नावं. तिथे जुनी लेणी आहेत, झाडी आहे, पाखरांचे आवाज आहेत. सकाळी निघायचं आणि दिवसभर तिथे एकांतात बसायचं, असा त्यांचा क्रम झाला.

आता इथे नीट लक्ष द्या. डोंगरावर जाऊन नुसतं बसलं आणि धडाधड अभंग सुचले, असं झालेलं नाही. तुकोबांनी आधी पूर्वीच्या संतांची वचनं पाठ केली. ज्ञानेश्वरी वाचली, एकनाथी भागवत वाचलं, नामदेवांचे अभंग घोकले. देहूचं पडकं विठ्ठल मंदिर स्वतः राबून दुरुस्त केलं. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांपैकी आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले आणि उरलेले धाकटा भाऊ कान्होबाला दिले. एवढं सगळं झाल्यावर मन रिकामं झालं. त्या रिकाम्या जागेत रान, पाऊस आणि संतांचे शब्द हळूहळू मुरत गेले.

मग स्वप्नाचा प्रसंग येतो. पांडुरंगाला बरोबर घेऊन संत नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं, असं खुद्द तुकोबांनीच अभंगातून सांगितलं आहे. आपल्या भागाला याचं विशेष अप्रूप वाटायला हवं. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1999 पर्यंत ते आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. आणि नामदेवांच्या घरी राहून अभंग रचणाऱ्या जनाबाई तर आपल्या गंगाखेडच्या!

तुकोबांचे अभंग वाचताना रानावनाची ही सोबत जागोजाग दिसते. पुरात टिकून राहणारी लव्हाळी, साखर खाणारी मुंगी, बी आणि फळ, गाय आणि वासरू. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून तर शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ते चटकन कळतं.

पण संकट संपलं नव्हतं. तुकोबांनी अभंग लिहू नयेत म्हणून विरोध झाला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. एकदा शब्द नव्हते म्हणून ते डोंगरावर गेले होते, आता असलेले शब्द गेले म्हणून ते नदीकाठी एका शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा सांगते. ते अभंग लोकांच्या तोंडी आधीच रुळले होते म्हणून टिकले, असंही अभ्यासक म्हणतात. काहीही माना, तुकोबा पुन्हा लिहू लागले हे मात्र खरं. विरोध करणारे रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. 1650 मध्ये तुकोबांनी देह ठेवला, त्याला वारकरी सदेह वैकुंठगमन मानतात. आज त्यांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

आणखी एक नाव विसरू नका. दुसरी पत्नी जिजाई. तुकोबा डोंगरावर असत तेव्हा घर, मुलं सांभाळून भाकरी घेऊन ती डोंगर चढायची. चिडायची, बोलायची, पण भाकरी चुकवायची नाही. एकाला एकांत मिळतो तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी पाय दुखत असतात. तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा घरातलं काम कोण करतं, तेही एकदा बघा.

तर मित्रांनो, निबंध अडला की वहीकडे टक लावून बसू नका. आधी विषयावरचं चार पानं काहीतरी वाचा. मग उठा. गंगाखेडला असाल तर गोदावरीच्या घाटावर जा, सेलूकडे असाल तर दुधनेच्या काठी, जिंतूरला असाल तर डोंगराकडे. काहीच नसेल तर आपल्या शेताचा बांध आहेच. मोबाईल घरी ठेवा. अर्धा तास बसा आणि स्वतः पाहिलेल्या, ऐकलेल्या पाच गोष्टी लक्षात ठेवा. घरी आलात की आईला हातभार लावा आणि मग वही उघडा. पहिलं वाक्य त्या पाच गोष्टींपैकी एकीवर लिहा. साधं असलं तरी चालेल, ते तुमचं असेल.