मिडलोथियनचा उमेदवार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंग्लंडचा पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन याच्यावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. शाळेच्या इतिहासात ग्लॅडस्टन आणि डिझरायली यांची स्पर्धा दोन परिच्छेदांत आटोपते. परंतु लेखापरीक्षणाच्या अभ्यासात ज्या महालेखापरीक्षकाचे नाव वारंवार येते, त्या पदाचे मूळ शोधत मागे गेलो तेव्हा मला हा गृहस्थ भेटला. पुढे वाचताना लक्षात आले की, सरकारी हिशेबाला त्याने जी शिस्त लावली, तीच तो निवडणुकीलाही लावू पाहत होता. सरकारचा जमाखर्च मतदारापुढे मांडायचा आणि मग मत मागायचे, ही त्याची रीत स्कॉटलंडमधील मिडलोथियन या ग्रामीण मतदारसंघामुळे जगाच्या नजरेत भरली. तिची ही हकिकत.

ग्लॅडस्टनचा जन्म २९ डिसेंबर १८०९ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील जॉन ग्लॅडस्टन मूळचे स्कॉटलंडच्या लीथ बंदरातले. व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळविला. डेमेरारा आणि जमेका येथे त्यांचे उसाचे मळे होते आणि तेथे गुलाम राबत. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना. आणि तिचा फार मोठा वाटा जॉन ग्लॅडस्टन यांच्या पदरी पडला. मग मजूर आणायचे कोठून? १८३८ साली दोन जहाजे भरून सुमारे ४०० हिंदी मजूर कलकत्त्याहून डेमेराराला नेण्यात आले, त्या योजनेमागे हेच गृहस्थ होते. डेमेरारा आज गयाना देशात आहे. २०२३ साली ग्लॅडस्टन घराण्यातील वंशजांनी तेथे जाऊन जाहीर क्षमा मागितली.

मुलगा ऑक्सफर्डला अभिजात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. १८३२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाआधीच तो पार्लमेंटात गेला आणि १८३३ मध्ये वडिलांच्या मळ्यांची बाजू मांडायला उभा राहिला. ग्लॅडस्टनच्या चरित्राची खातेवही अशी नावे बाजूने उघडते. तो प्रारंभी कट्टर स्थितिवादी होता; उदारमतवादी पक्षाचा नेता होईपर्यंत त्याला बरीच वर्षे लागली.

त्याचा खरा प्रांत अर्थखाते. १८५३ सालच्या अंदाजपत्रकावर तो पावणेपाच तास बोलला आणि सभागृहाने ते ऐकून घेतले. १८६० साली त्याने जकात बसणाऱ्या वस्तूंची संख्या ४१९ वरून ४८ वर आणली. १८६१ साली टपाल कचेरीत बचत बँक सुरू झाली. त्याच वर्षी पार्लमेंटची लोकलेखा समिती नेमली गेली. १८६६ च्या कायद्याने सरकारी पैसा खर्च करणारा वेगळा आणि तो तपासणारा वेगळा, ही व्यवस्था पक्की झाली. आपल्या संसदेची लोकलेखा समिती आणि आपले नियंत्रक व महालेखापरीक्षक या वृक्षाचे मूळ तेथे आहे.

१८६८ ते १८७४ तो प्रथम पंतप्रधान होता. या काळात १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला. पूर्वी मतदाराला आपले मत सर्वांसमक्ष उघड सांगावे लागे. ज्याच्या जमिनीवर आपण पोट भरतो त्याच्याच मुलाविरुद्ध कोण मत देणार? या कायद्याचे महत्त्व पुढे कळेल. १८७४ ची निवडणूक त्याचा पक्ष हरला आणि पुढच्या वर्षी त्याने नेतेपदही सोडले. आता हा म्हातारा पुस्तके वाचील आणि आवडीप्रमाणे कुऱ्हाडीने झाडे तोडील, असे सर्वांना वाटले. परंतु १८७६ मध्ये बल्गेरियात तुर्की फौजांनी केलेल्या कत्तलींच्या वार्ता आल्या, डिझरायलीच्या सरकारने त्यांकडे काणाडोळा केला, आणि ग्लॅडस्टन पुन्हा रिंगणात उतरला.

त्याने निवडलेला मतदारसंघ म्हणजे मिडलोथियन. एडिंबरो शहर वगळून भोवतालचा हा परगणा: शेती, कोळशाच्या खाणी आणि वेस्ट काल्डरकडे दगडातून तेल काढणारे कारखाने. येथील सर्वांत मोठे घराणे ड्यूक ऑफ बक्ल्यू यांचे. त्यांचा मुलगा अर्ल ऑफ डाल्कीथ हाच येथला प्रतिनिधी. ठराविक मूल्याची मालमत्ता किंवा भाडे असलेल्या पुरुषांनाच मत होते. एकूण मतदार सव्वातीन हजारांच्या आसपास. शिवाय जमिनीचे बारीक तुकडे नावापुरते मर्जीतल्या माणसांना देऊन बनावट मते उभी करण्याची चाल होती आणि त्यात दोन्ही पक्ष मागे नव्हते. पैसा नसलेल्या माणसाला आत येऊ न देणारे असे हे कुंपण होते.

नोव्हेंबर १८७९ मध्ये, सत्तरीला महिनाभर कमी असताना, ग्लॅडस्टन लिव्हरपूलहून आगगाडीने निघाला. वाटेत स्टेशनास्टेशनांवर गर्दी जमे आणि तो बोले. लॉर्ड रोझबेरी यांच्या डाल्मेनी येथील वाड्यात त्याचा मुक्काम होता. दोन आठवडे सभांचा धडाका चालला. एडिंबरोच्या एका बाजारात सुमारे २०,००० लोक जमले होते. त्यांतील बहुतेकांना मताचा अधिकारच नव्हता. पण भाषणे तारेने दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत पोचत. मतदार तीन हजार, श्रोता मात्र सारा देश!

तो बोलला काय? आश्चर्य असे की, शेतकऱ्यांच्या आणि खाणकामगारांच्या पुढे तो आकडे मांडत होता. आपण तिजोरी शिलकीत सोडली आणि या सरकारने ती तुटीत घातली, हे त्याने बेरीज-वजाबाकीसह सांगितले. वेस्ट काल्डरला त्याने परराष्ट्रधोरणाची सहा तत्त्वे मांडली, त्यांतले पहिले घरच्या कारभाराची काटकसर. डाल्कीथला स्त्रियांपुढे बोलताना त्याने अफगाणिस्तानच्या डोंगरातील, बर्फात उघड्यावर पडलेल्या खेड्यांची आठवण करून दिली आणि तेथल्या माणसाचा जीव ईश्वराच्या दृष्टीने येथल्या माणसाइतकाच मोलाचा आहे, असे बजावले. ते युद्ध हिंदुस्थानच्या सरकारमार्फत चालले होते.

एप्रिल १८८० मध्ये मतदान झाले. ग्लॅडस्टनला १,५७९ आणि डाल्कीथला १,३६८ मते पडली. मताधिक्य अवघे २११! गुप्त मतपेटी नसती तर बक्ल्यूंच्या मुलखात हे घडले असते का, असा प्रश्न मनात येतो. देशभर त्याचा पक्ष विजयी झाला आणि तो दुसऱ्यांदा पंतप्रधान झाला. त्याने लॉर्ड रिपन यांना व्हाइसरॉय म्हणून पाठविले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या १८७८ च्या कायद्यावर ग्लॅडस्टनने पार्लमेंटात टीका केली होती. तो कायदा रिपन यांच्या कारकीर्दीत १८८२ साली रद्द झाला. मराठी आणि कन्नड वृत्तपत्रांवरील टांगती तलवार दूर होण्याचा धागा असा त्या दूरच्या २११ मतांपर्यंत पोचतो.

पण खातेवहीची दुसरी बाजू झाकून कसे चालेल? अफगाण खेड्यांसाठी कळवळून बोललेल्या याच माणसाच्या सरकारने जुलै १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि इजिप्त ताब्यात घेतला. त्या मोहिमेत हिंदी फौज गेली आणि तिच्या खर्चाचा भार काही अंशी आपल्याच तिजोरीवर पडला. ग्लॅडस्टनच्या स्वतःच्या गुंतवणुकीपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम इजिप्तशी संबंधित कर्जरोख्यांत होती, हे संशोधकांनी पुढे उजेडात आणले. १८८४ साली त्याने ग्रामीण मजुरांना मत मिळवून दिले. पण डाल्कीथला ज्यांच्यापुढे तो बोलला, त्या स्त्रियांना मत देण्याच्या दुरुस्तीला त्याने विरोध केला.

नव्या मतदारांनी १८८५ मध्ये त्याला ४,६३१ च्या मताधिक्याने निवडून दिले. मग त्याने आयर्लंडच्या स्वराज्याचा, होमरूलचा प्रश्न हाती घेतला. पक्ष फुटला आणि १८८६ चे विधेयक ३० मतांनी पडले. १८९३ मध्ये ते लोकसभागृहात संमत झाले, पण उमरावांच्या सभेने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. तो शब्द मात्र मेला नाही. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी आपल्या बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा आयर्लंडच्या लढ्यातला हाच शब्द मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडी आला.

१८९२ च्या निवडणुकीत दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत मिडलोथियनमध्ये ग्लॅडस्टनचे मताधिक्य ६९० पर्यंत घसरले. १८९४ मध्ये त्याने पंतप्रधानपद सोडले आणि १८९५ ची निवडणूक लढविली नाही. १९ मे १८९८ रोजी त्याचे निधन झाले. मिडलोथियनमध्ये त्याच्या जागी आलेले गिब्सन-कारमायकेल पुढे मद्रासचे आणि नंतर बंगालचे गव्हर्नर झाले. १९१८ साली त्या जुन्या मतदारसंघाचे तुकडे झाले. पुढे त्याच नावाचा नवा मतदारसंघ झाला, तो वेगळा.

मला त्या ६९० च्या आकड्याचे मोल २११ इतकेच वाटते. ज्या खेडुतांना ग्लॅडस्टनने हिशेब वाचायला शिकविले, त्यांनी बारा वर्षांनी त्याचाही हिशेब तपासला. त्याचे वय, कीर्ती, उपकार यांना भुलून त्यांनी वजाबाकी सोडून दिली नाही. तेथे मत मिळण्यासाठी मालमत्ता लागत होती. आपल्याला ते अठरा वर्षे पूर्ण होताच फुकट मिळते. ते देण्यापूर्वी गेल्या पाच वर्षांचा ताळेबंद मागण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घेतली, तर उमेदवारांनाही तो घेऊन यावे लागेल.