दिव्यामागचा हिशेब

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली करुणामूर्ती डोळ्यांपुढे येते. परंतु १८२० साली जन्मलेल्या या विदुषीचे खरे शस्त्र होते आकडेवारी. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. अहोरात्र शुश्रूषा होऊनही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ पासून गटारे उपसली गेली, कक्षांत हवा खेळू लागली, तेव्हा ते झपाट्याने घटले. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी पुढे तक्त्यांनिशी सिद्ध केले. १८६० मध्ये लंडनला त्यांनी परिचारिकांचे विद्यालय काढले. १९१० साली त्या निवर्तल्या. परिचारिकेच्या त्यागाचे गोडवे गाऊन तिच्या वाट्याला अपुरे मनुष्यबळ आणि अस्वच्छ कक्ष ठेवणारे दिव्याची पूजा करतात. हिशेब मात्र वाचत नाहीत.