नवलगुंदच्या वाटेने गेलेला राजा

छत्रपती राजाराम महाराजांचे नाव निघाले की आपल्याकडे ते दोन वाक्यांत आटोपते. थोरल्या महाराजांचे धाकटे पुत्र, संभाजीराजांचे सावत्र बंधू आणि ताराबाईंचे पती. एवढ्या तेजस्वी माणसांच्या मध्ये सापडलेला पुरुष झाकोळून जावा यात नवल नाही. परंतु या राजाने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जी दौड केली, तिच्यावाचून पुढची मराठशाही उभी राहिली असती असे आम्हांस वाटत नाही. आणि त्या दौडीचा मोठा व धोक्याचा पल्ला धारवाडच्या मुलखातून गेला, हे तर फारच थोड्यांच्या ध्यानी असते.

साल १६८९. फेब्रुवारीत संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची क्रूर हत्या झाली. मोगलांनी रायगडास वेढा घातला. येसूबाई मुलासह गडावर राहिल्या आणि दिराला बाहेर पडू दिले. आपल्या पोराचा हक्क क्षणभर बाजूस सारून राज्य वाचविणाऱ्या या स्त्रीविषयी स्वतंत्रपणेच लिहावयास हवे. राजाराम प्रतापगडावरून पुढे पन्हाळ्यास आले, तर मोगल तेथेही पोहोचले. विजापूर १६८६ त बुडाले होते, गोवळकोंडे १६८७ त. आसरा उरला होता तो थोरल्या महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत घेतलेल्या जिंजीचा. पण ती तर पार तामिळ देशात!

२६ सप्टेंबर १६८९ रोजी राजाराम निवडक साथीदारांसह पन्हाळ्याहून निघाले. वेश लिंगायत यात्रेकरूंचा घेतला होता. गोकाक, सौंदत्ती, नवलगुंद, अण्णिगेरी, लक्ष्मेश्वर, हावेरी, हिरेकेरूर असा त्यांचा मार्ग इतिहासकारांनी जुळविला आहे. म्हणजे घटप्रभा, मलप्रभा, वरदा, तुंगभद्रा, एकामागून एक नद्या, तीही पावसाळा सरता सरता. नवलगुंदच्या बाजूची काळी जमीन ज्यांनी पावसानंतर पाहिली आहे, त्यांना घोड्याचा पाय तेथे कसा रुततो हे सांगावयास नको. लपावयास डोंगर नाही, झाडी नाही. सपाट रानात दूरवरचा स्वार दिसतो. सह्याद्रीच्या कुशीत लढावयास शिकलेल्या माणसांना ही भूमी परकीच होती.

आणखी एक गोष्ट आम्हांस येथे आठवते. अवघ्या सोळा वर्षांपूर्वी, १६७३ त, याच राजाच्या पित्याच्या फौजेने हुबळीची बाजारपेठ लुटली होती. इंग्रजांच्या वखारीलाही त्याची झळ लागली. त्या हुबळीच्या पूर्वेकडून, हाकेच्या नव्हे पण एका मजलीच्या अंतरावरून, आता शिवरायांचा मुलगा यात्रेकरू बनून चालला होता. लुटीची आठवण ताजी असलेल्या मुलखातून जाताना त्याच्या मनात काय आले असेल, हे कोणत्याही बखरकाराने लिहिलेले नाही.

वरदेच्या परिसरात मोगलांनी गाठले. रूपाजी भोसले, संताजी जगताप यांच्यासारख्या भालाइतांनी पिछाडी रोखून धरली. तुंगभद्रेच्या बेटावर तर सय्यद अब्दुल्लाखानाने अचानक घाला घातला. साथीदार सापडले, राजा निसटला. तो निसटला कुठे? केळदीच्या, म्हणजे बिदनूरच्या, राणी चेन्नम्मेच्या राज्यात. हुबळीच्या मध्यवर्ती चौकाला जिचे नाव आहे ती चेन्नम्मा कित्तूरची, शतकाहून अधिक काळाने झालेली, ही तिच्याआधीची. औरंगजेबाचा कोप ओढवणार हे दिसत असताना या कन्नड राणीने पळत्या मराठा राजाला वाट करून दिली. मोगल फौज तिच्यावर चालून गेलीच. तेव्हा संताजी घोरपडे मदतीस धावले आणि अखेर थोड्या खंडणीवर प्रकरण मिटले. सीमेवरून आज दोन्ही बाजूंनी जी भाषा बोलली जाते ती ऐकताना ही राणी आम्हांस हटकून आठवते.

पुढे बंगळुरास संशय आला. चिटणिशी बखरीप्रमाणे, सेवक यात्रेकरूचे पाय फारच अदबीने धूत आहेत हे कोणी पाहिले. खंडो बल्लाळ काही जणांसह मुद्दाम मागे राहिले आणि त्यांनी छळ सोसला, पण राजा पुढे गेला. या खंडो बल्लाळांचे वडील, बाळाजी आवजी, यांना संभाजीराजांनी देहान्त शासन दिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निष्ठेचे मोल कळते. २८ ऑक्टोबरला राजाराम वेलोरास पोहोचले, नोव्हेंबरच्या आरंभी जिंजीस. त्याच सुमारास तिकडे रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू कैद झाले. केशव पंडितांनी जिंजीतच या प्रवासावर संस्कृत चरित्रकाव्य रचले. घामाने भिजलेली खोगिरे वाळतात न वाळतात तोच ती दौड काव्यविषय झाली होती.

राजारामांचे दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. वतने त्यांनी सढळ हाताने वाटली, आणि संताजी-धनाजींचे वैर त्यांना आवरता आले नाही; संताजींसारखा सेनापती त्यात गमावला. मात्र जिंजीने सुमारे आठ वर्षे मोगलांची मोठी फौज दक्षिणेत गुंतवून ठेवली आणि तेवढ्या अवधीत रामचंद्रपंत अमात्यांनी महाराष्ट्र सावरला. १६९८ च्या आरंभी जिंजी पडली, तेव्हा राजा तेथेही मोगलांच्या हाती लागला नाही. तो स्वदेशी परतला, पुन्हा मोहिमांवर निघाला. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर त्याचा अंत झाला. वय अवघे तीस होते.