बागलकोटचे मास्तर आणि नवा ग्रह

गुंजीतून रात्री आभाळ बघाल तेव्हा व्यंकटेश बापूजी केतकरांची आठवण जरूर ठेवा. माणूस आपल्याच बाजूचा. 1854 साली नरगुंदला जन्म, पुढं बागलकोटला शाळामास्तर.

त्या काळी जुन्या पंचांगांतलं ग्रहगणित आकाशाशी जुळेनासं झालं होतं. कागद आणि आकाश यांत आकाशच खरं, हे केतकरांनी धरलं. युरोपातलं नवं गणित अभ्यासून त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' हा संस्कृत ग्रंथ रचला. परंपरा मोडायची नव्हती, दुरुस्त करायची होती.

1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडं दोन ग्रह असावेत असं मांडलं: ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माची सूर्याभोवतीची फेरी त्यांनी सुमारे 242 वर्षांची काढली. 1930 च्या मार्चमध्ये प्लूटोचा शोध जाहीर झाला. त्याची फेरी 248 वर्षांची! त्याच ऑगस्टमध्ये केतकर वारले.

प्लूटो फारच लहान निघाला, म्हणून हा मेळ योगायोगच समजायचा. विष्णू तर सापडलाच नाही. पण आपला आकडा कधीतरी तपासला जाणार, हे माहीत असूनही तो जगापुढं ठेवायला धाडस लागतं. ते या मास्तरांकडं होतं.