संदेष्टा आमोस : मेंढरांमागून उचललेला माणूस



जुन्या करारात बारा लघुसंदेष्ट्यांची पुस्तके आहेत. त्यांतील तिसरे पुस्तक आमोसचे. ते अवघे नऊ अध्यायांचे आहे. ज्यांचा संदेश स्वतंत्र पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आला, त्या संदेष्ट्यांमध्ये काळाच्या दृष्टीने आमोसच पहिला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज आम्ही त्याच्या जीवनाचा आणि संदेशाचा थोडक्यात परिचय करून देत आहोत.

आमोस तकोवा गावचा. हे गाव बेथलेहेमच्या दक्षिणेला, यहूदियाच्या वाळवंटाच्या काठावर, उंच डोंगराळ भागात होते. मेंढरे राखणे हा आमोसचा व्यवसाय आणि त्याच्या जोडीला उंबराच्या झाडांची निगा. तिकडचा उंबर आपल्या उंबराचाच भाऊबंद. त्याच्या कच्च्या फळाला झाडावरच बारीक चीर देत, म्हणजे ते लवकर पिके. हे झाड तकोवासारख्या थंड, उंच जागी वाढत नाही. तेव्हा हंगामात आमोस खालच्या सखल प्रदेशात उतरत असावा. साक्री-धुळ्याकडचे ठेलारी पावसाळा सरला की मेंढरे घेऊन घर सोडतात. तसेच काहीसे त्याचे जगणे. त्याच्या घराण्यात कोणी संदेष्टा नव्हता, की त्याने कोणा गुरूपाशी शिक्षण घेतले नव्हते. देवाने त्याला कळपामागून उचलले आणि शेजारच्या राज्यात पाठवले.

तो काळ इ. स. पूर्व ७६० च्या सुमाराचा. शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे झाले होते : दक्षिणेला यहूदा, उत्तरेला इस्राएल. इस्राएलच्या गादीवर दुसरा यराबाम होता. त्याने सुमारे चाळीस वर्षे राज्य केले. सीमा वाढल्या, व्यापार वाढला, राजधानी शोमरोनमध्ये दगडी वाडे उठले. श्रीमंत लोक हस्तिदंताने मढवलेल्या पलंगांवर लोळतात, असे आमोसने म्हटले होते. १९३० च्या दशकात शोमरोनचे उत्खनन झाले, तेव्हा तिथे हस्तिदंती नक्षीकामाचे शेकडो तुकडे मिळाले. संदेष्टा वाढवून बोलत नव्हता.

या वैभवाची दुसरी बाजू त्याला दिसली. लहान शेतकरी कर्जात बुडत होते. चपलांच्या जोडाइतक्या किरकोळ देण्यापायी माणसे विकली जात होती. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. इथे तेच पांघरूण अंथरून लोक वेदीजवळ निजत होते. गावच्या वेशीत न्यायनिवाडा होई, पण तिथे लाच चाले. शब्बाथ कधी संपतो आणि आपण धान्याची वखार कधी उघडतो, याची व्यापाऱ्यांना घाई असे. माप लहान, वजन खोटे आणि गव्हात भुसा. काटा मारणे हा प्रकार आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला समजावून सांगायला नको.

आमोस बेथेलला आला. तिथे राजाचे मंदिर होते. त्याने सुरुवात शेजारच्या राष्ट्रांपासून केली : दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. एकेकाचे अपराध त्याने मोजले. इस्राएली श्रोत्यांना हे ऐकून बरेच वाटले असेल. मग तो यहूदाकडे वळला आणि शेवटी इस्राएलवर आला. तिथे तो सर्वांत जास्त वेळ थांबला. देवाने आपल्याला निवडले म्हणून आपल्याला सूट आहे, ही त्यांची समजूत त्याने मोडून काढली. निवड म्हणजे सवलत नव्हे, तर अधिक जबाबदारी. न्यायाचा नियम सर्व राष्ट्रांना एकच आहे. आपल्या माणसाला एक आणि परक्याला दुसरा असा न्याय असूच शकत नाही, हा विचार इतक्या प्राचीन काळी एका मेंढपाळाने मांडला.

त्यांचे सण, अर्पणे आणि गीते देवाला नकोशी झाली आहेत, असेही त्याने बजावले. उपासना वाईट म्हणून नव्हे. ती करणारे हात दुसऱ्याच्या ताटातले ओढून घेत होते म्हणून. देवाला हवा होता न्याय, तोही बारमाही नदीसारखा वाहणारा. पॅलेस्टाईनचे ओढे पावसात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. एप्रिल-मे महिन्यांत पांझरेचे पात्र पाहणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. सणासुदीला पूर यावा आणि एरवी वाळू, अशी भक्ती आमोसला मान्य नव्हती.

हा माणूस कठोर होता, पण निर्दय नव्हता. त्याने दृष्टान्तात टोळधाड पाहिली, मग सर्व गिळणारा अग्नी पाहिला. दोन्ही वेळा त्याने लोकांसाठी देवाकडे गयावया केली आणि देवाने ते संकट मागे घेतले. तिसऱ्या वेळी देवाच्या हाती ओळंबा दिसला. भिंत वाकडी आहे हे गवंड्याला ओळंब्याने कळते, आणि त्यापुढे वाद चालत नाही.

त्याला विरोध कोणी केला? बेथेलचा याजक अमस्या याने. त्याने राजाकडे तक्रार केली आणि आमोसला सांगितले की, आपल्या देशात जाऊन पोट भर, हे राजाचे मंदिर आहे. आम्हा धर्मगुरूंना हा प्रसंग वाचताना सावध व्हावे लागते. अमस्याने मूर्तीला नव्हे, अडचणीच्या शब्दाला मंदिराबाहेर काढले. वेदीजवळ उभा असलेला माणूसच देणगीदाराची मर्जी राखण्यासाठी गरिबाची बाजू दाबू शकतो, हा त्या प्रसंगातील इशारा आमच्यासाठी आहे.

आमोसच्या प्रबोधनानंतर दोन वर्षांनी मोठा भूकंप झाला. सुमारे चार दशकांनी, इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास, अश्शूरने शोमरोन जिंकले आणि उत्तरेचे राज्य संपले.

परंतु आमोसचे पुस्तक नाशावर संपत नाही. दाविदाचा पडलेला मंडप देव पुन्हा उभारील, या आशेवर ते संपते. यरुशलेमच्या धर्मपरिषदेत, इस्राएली नसलेल्यांना ख्रिस्तसभेत घ्यावे की नाही हा प्रश्न आला, तेव्हा याकोबाने आमोसच्याच या वचनाचा आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). म्हणजे आपण खानदेशातील भाविक आज वेदीभोवती जमतो, त्यामागे तकोवाच्या मेंढपाळाचाही वाटा आहे.

उपासना वर्ष ‘क’ मध्ये सामान्यकाळाच्या सव्विसाव्या रविवारी आमोसचे वाचन आणि श्रीमंत माणूस व लाजराचा दाखला एकत्र येतात. लाजर श्रीमंताच्या दारातच पडलेला होता. आपल्या दारात कोण आहे? दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडची आदिवासी जोडपी मुकादमाची उचल घेऊन गुजरातच्या ऊसतोडीला जातात. ती उचल किती फिटली आणि किती उरली, याचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. कोयता चालवणाऱ्याच्या हाती तो कागद क्वचितच पडतो. आपल्यात कोणी मुकादम असेल, कोणी दुकानदार, कोणी सालदार ठेवणारा शेतकरी. ज्याला लिहिता-वाचता येते, त्याने या आठवड्यात एका कुटुंबाचा हिशोब त्यांच्यासोबत बसून तपासावा. ज्याच्याकडे वही आहे, त्याने ती उघडून दाखवावी. पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी आपले हात अधिक मोकळे असतील.

प्रभू येशू आपणा सर्वांना न्यायाची भूक देवो.